सेडानचे स्थैर्य मागच्या चाकांत असते

ताशी ८० किलोमीटरपर्यंत गुणी वाटणारी सेडान १०० च्या पुढे गेली की तरंगू लागते, लेन बदलताना नको तेवढी झुकून मग सावरते आणि कंटेनरला ओलांडताना बाजूला सरकते, ही तक्रार जुन्या गाड्यांचे मालक नेहमी करतात. माझ्या २०१५ सालच्या पेट्रोल सेडानबाबत ती माझीही होती. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाल्यापासून ती जास्तच कानावर येते, कारण एरवीच्या गर्दीत जो दोष उघड व्हायला वावच नसतो, तो तिथल्या लांबलचक काँक्रीटवर तासन्‌तास जाणवत राहतो. यावर बाजारात उपाय पुष्कळ आहेत. रुंद टायर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर, डिकीवर चिकटवायचा स्पॉयलर, यांपैकी काहीही विकत घेण्याआधी गाडीच्या मागच्या दोन चाकांकडे नीट पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यामागचे कारण समजायला फारसे गणित लागत नाही. स्टेअरिंग थोडे फिरवले की पुढच्या टायरवर आडवा जोर येतो व गाडीचे नाक वळू लागते. नाक वळले की मागचे टायरही आपल्या रोखापेक्षा किंचित तिरके सरकतात, आणि त्या तिरकेपणातून त्यांच्यावर येणारा आडवा जोर गाडीचे वळणे एका मर्यादेत रोखून धरतो. पतंगाला शेपूट लावल्यावर तो गिरक्या घ्यायचा थांबतो, तशातला हा प्रकार आहे. मागचा हा विरोध कमी पडला तर तेवढ्याच स्टेअरिंगला गाडी अधिक वळते, आणि वेग जितका जास्त तितका तो फरक मोठा होत जातो. चालकाला मात्र हे सारे स्टेअरिंगमधून कळते, त्यामुळे दोष पुढेच असणार असे वाटून पुढचेच भाग बदलले जातात. मागचे शॉकअप तपासायला सांगितल्यावर "साहेब, स्टेअरिंग पुढच्या चाकांना असतं, मागं काय बघायचं?" असे एका मुरलेल्या मेकॅनिकने मला विचारले होते.

सुरुवात टायरपासून करावी. आपल्याकडच्या बहुतेक सेडानमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात आणि टायरांची अदलाबदल वेळेवर झाली नाही तर मागचे वर्षानुवर्षे तसेच राहतात. त्यांची नक्षी खोल दिसते म्हणून ते चांगले समजले जातात, पण रबर वयानेही कडक होते आणि कडक रबर रस्ता धरत नाही. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा उत्पादनाचा शिक्का असतो; २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. हा शिक्का कधीकधी आतल्या बाजूला असतो, तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून घ्यावी. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, हा टायर कंपन्यांचाच सल्ला आहे. दुकानात मात्र नवे टायर हमखास पुढे लावले जातात. पावसात पुढचे टायर पाण्यावर तरंगले तर गाडी स्टेअरिंगला दाद न देता सरळ जाते, म्हणजे निदान तिचे काय चालले आहे ते चालकाला कळते. मागचे तरंगले तर तिची शेपटी फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर जो आकडा छापला आहे तोच ठेवावा. पेट्रोल पंपावरचा मुलगा विचारतो, "पस्तीस मारू का?" आणि आपण मान हलवतो, हे टाळायला हवे. त्या पट्टीवर कित्येक गाड्यांसाठी दोन ओळी असतात, एक दोन-तीन प्रवाशांसाठी व दुसरी पूर्ण भारासाठी, आणि दुसऱ्या ओळीत मागच्या चाकांची हवा बऱ्याचदा वाढवलेली असते. नायट्रोजनचे कौतुक मला कळलेले नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

त्यानंतर शॉकअप. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगचे हेलकावे शमवतो. तो निकामी झाला की खाचखळग्यानंतर चाक क्षणभर रस्त्यावर हलके टेकलेले राहते आणि नेमका त्याच क्षणी आडवा जोर लागला तर टायरकडे द्यायला काही उरत नाही. डिकीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, अर्धवट मेलेला नाही. त्यापेक्षा टायरवर हात फिरवणे जास्त खात्रीचे. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या टायरवरून तळहात गोल फिरवला तेव्हा वीतभर अंतराने उथळ खड्डे लागत होते, डोळ्यांना मात्र नक्षी समान दिसत होती. चाक काढल्यावर शॉकअपच्या खालच्या नळीवर तेलात कालवलेल्या धुळीचा काळा थर दिसला. बोटाने खरवडला तर तो चिखलासारखा ओला निघाला, म्हणजे तेल अजून झिरपत होते. शॉकअप बदलायचे तर मागचे दोन्ही एकदम, आणि सोबत वरचे माउंटिंग व आतला बंपस्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा, तोही नवा घालावा. तेवढ्यासाठी पुन्हा मजुरी देण्यात अर्थ नाही.

खरा चकवा असतो तो मागच्या अॅक्सलच्या बुशांचा, म्हणजे रबरी सांध्यांचा. आपल्या बाजारातल्या मध्यम आकाराच्या बहुतेक सेडानमध्ये मागची दोन्ही चाके एका पोलादी बीमला जोडलेली असतात आणि तो बीम दोन मोठ्या रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला टांगलेला असतो. हे रबर फाटले किंवा सैल पडले की लेन बदलताना आधी गाडी वळते, मग अख्खा बीम किंचित तिरका होतो, आणि स्टेअरिंग सरळ केल्यावरही मागचा भाग आपले मत उशिराने मांडतो. आवाज फारसा येत नाही, म्हणून कोणी बघत नाही. रॅम्पवर गाडी उचलून बुशाजवळ पहार लावून हलवले की रबराची चीर उघडते आणि दिसते. माझ्या गाडीत शॉकअपने हेलकावे थांबले. उशिराने येणारा तो दुसरा धक्का बुश बदलल्यावर गेला.

हे झाल्याशिवाय अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवणे, करू नये, कारण सैल भागांवर घेतलेली मापे दुसऱ्या दिवशी खरी राहत नाहीत. अलाइनमेंट चारही चाकांची करावी आणि छापील कागद मागून घ्यावा. बीम असलेल्या गाडीत मागची मापे सहसा जुळवता येत नाहीत, हे खरे आहे, पण ती वाचता येतात. मागची दोन्ही चाके मिळून एका बाजूला रोखलेली असतील तर गाडी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडे धरावे लागते. असा आकडा आला तर बीम वाकलेला आहे का ते पाहावे. पुढच्या चाकांचे टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत त्याचे माप, मात्र जुळवावेच लागते. ८० ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरत असेल तर तो बॅलन्सिंगचा प्रश्न आहे, स्थैर्याचा नव्हे.

सामानाकडे आपण फार सैलपणे पाहतो. चालक एकटा असताना अशा सेडानचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असते आणि तेच तिच्या सरळ चालण्याचे एक कारण आहे. मागे तीन माणसे, डिकीत बॅगा आणि त्यातही नंतर बसवलेली सीएनजीची टाकी असली की तो तोल मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि मागच्या टायरांना त्याच पकडीत जास्त वजन आवरावे लागते. जड सामान तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे. टाकी असलेल्या गाडीची मागची हवा आणि मागच्या स्प्रिंगा तर वरचेवर पाहाव्यात.

आता विकत घेण्याच्या गोष्टी. रबरी बफरने स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप तोच राहतो, त्यामुळे झोल कमी झाल्यासारखा वाटला तरी खडबडीत रस्त्यावर चाक अधिक उसळते. मी बसवलेले काढून टाकले. आखूड स्प्रिंगांनी गाडीचे झुकणे कमी होते खरे, पण आपल्या गतिरोधकांवर ती बंपस्टॉपवर आदळत चालते. रुंद टायरचा फायदा मात्र खरा आहे. १७५/६५ आर १५ (रुंदी १७५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) च्या जागी १९५/६० आर १५ घातले तर चाकाचा व्यास सुमारे एक टक्काच वाढतो, स्पीडोमीटर फारसा फसत नाही आणि स्टेअरिंगला उत्तर लवकर मिळते. भारक्षमतेचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि बदलायचे तर चारही. रुंद टायर फक्त पुढे घालणे म्हणजे पुढची पकड वाढवून मागची तशीच ठेवणे, आणि त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

स्पॉयलरबाबत ऑडी टीटीचे उदाहरण द्यायला हवे. ही गाडी १९९८ मध्ये आली, तिचा पाठीमागचा गोलसर उतार देखणा होता, पण जर्मनीच्या ऑटोबानवर फार मोठ्या वेगात मागचा भाग हलका होऊन काही अपघात झाले आणि कंपनीला गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवावा लागला. त्यासोबत सस्पेन्शन बदलले गेले आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्रॅमही आला, हे स्पॉयलर विकणारे सांगत नाहीत. हवेची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी १०० ला जेवढी त्याच्या चौपट ताशी २०० ला. आपल्या कायदेशीर वेगात डिकीवर चिकटवलेल्या स्पॉयलरने चालकाला जाणवेल असा फरक पडत नाही. आडव्या वाऱ्याचा त्रास मात्र आपल्याही वेगात होतो. वाऱ्याचा रेटा गाडीच्या पुढच्या भागावर जास्त बसतो आणि सेडानची निमुळती शेपटी त्याला फारसा अडवत नाही. बोगद्यातून बाहेर पडताना किंवा ट्रकची आड संपताना स्टेअरिंग घट्ट आवळून धरण्यापेक्षा दोन्ही हातांनी हलके धरून वेग थोडा उतरवलेला बरा.

नव्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर मागचा भाग घसरू लागताच ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरते; पण तेही टायरच्या पकडीवरच काम करते. माझ्या गाडीत ते नाही, म्हणून खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो. वळणात शिरल्यावर अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला किंवा ब्रेक दाबला की वजन पुढे धावते आणि उतारामुळे आधीच हलकी झालेली मागची चाके आणखी हलकी होतात. त्यामुळे वेग वळणाच्या आधी, चाके सरळ असतानाच कमी करायचा, खालचा गिअर तेव्हाच टाकायचा आणि वळण संपेपर्यंत पाय स्थिर ठेवायचा.