तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रिकेतलं मराठी नाव तिरपं का करत नाही?

तुळशीचं लग्न लागलं की वऱ्हाडातल्या छापखान्यांत पत्रिकांची घाई सुरू होते. इंग्रजी नमुना पाहून आलेला वरबाप हमखास विचारतो, “भाऊ, हे इंग्रजी नाव कसं झोकात तिरपं दिसते, तसंच मराठी करून द्या न.”

त्या इंग्रजी अक्षराला इटॅलिक म्हणतात. ते सरळ अक्षर कलतं करून झालेलं नाही. 1501 साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या मुद्रकाने या वळणात पहिलं पुस्तक छापलं. त्याचे साचे फ्रांचेस्को ग्रिफोने कोरले होते, तेही त्या काळच्या हस्ताक्षरावरून. म्हणून खऱ्या इटॅलिकमधला छोटा ‘ए’ एकमजली असतो, म्हणजे वरचा बाक नसून नुसतं गोल पोट आणि दांडी, बऱ्याच फाँटांत ‘एफ’चं शेपूट ओळीखाली उतरतं आणि अक्षरं अंगाने अरुंद असतात. प्लेफेअर डिस्प्ले किंवा कॉर्मोरंट हे फाँट मोफत मिळतात, त्यांचं इटॅलिक लावून पाहा. ‘ए’ दुमजलीच राहिला तर बहुधा संगणकाने नुसतं सरळ अक्षर ढकललंय.

मराठीत इटॅलिकचं बटण दाबलं की हीच ढकलाढकल होते, आणि नुकसान जास्त होतं. अक्षर 20 मिलिमीटर उंच असेल, तर 12 अंशांच्या कलाने त्याचा माथा पायापेक्षा सव्वाचार मिलिमीटर उजवीकडे जातो. ‘दुर्गा’ घ्या. रफार पुढे झुकतो, खालचा उकार मागे राहतो, शिरोरेषा मात्र आडवीच. शिवाय बोरूने जे तिरपे फटकारे जाड येतात ते बारीक होतात आणि बारीक ते जाड. अक्षराचा तोलच जातो, आणि तो जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तिरपंच हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी हा फाँट वापरा, त्यात इटॅलिक आधीपासून करून दिलेलं आहे. माझं मत विचाराल तर मराठी नाव सरळच ठेवा, झोक जाड-बारीक रेघेतून आणा. रोझा वन या फाँटमध्ये हा फरक ठसठशीत आहे.

असं डिस्प्ले, म्हणजे शोभेचं, अक्षर मोठ्या आकारासाठीच काढलेलं असतं. वधूवरांची नावं 30 पॉइंटांच्या पुढे घ्या, मुहूर्त, गाव आणि कार्यालयाचा पत्ता साध्या अक्षरात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेच वाचायचं असतं. इंग्रजी नाव सगळं कॅपिटल लिपीत आणि तिरपं करू नका, अक्षरांत जास्तीचं अंतरही घालू नका, ओघ तुटतो.

खरी फजिती छपाईत होते. खरबरीत कार्डावर केसासारखी रेघ तुटते. मरून रंगात पांढरं अक्षर सोडलं तर शाई आत पसरून ती बुजते, सोनेरी फॉइलमध्ये वेलांटीची पोकळी भरते. स्क्रीन छपाईत अर्ध्या पॉइंटापेक्षा बारीक रेघ ठेवू नये, गडद रंगात सोडलेल्या पांढऱ्या अक्षरात निदान एक पॉइंट हवी. पत्रिका खऱ्या मापात साध्या कागदावर काढून हातभर अंतरावरून वाचून घ्या, मगच छपाईची फिल्म करायला द्या.