बाप देखणा, पण पाय?

"काय रुबाब आहे!" स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, बाहेर आला आणि गर्दीतून पहिलं वाक्य हेच. कमानदार मान, आरशासारखं अंग. सगळे मोबाईल मानेवर रोखलेले. पायांकडे कुणाचंच लक्ष नाही.

मागून घोडी आली, तिला चिकटून त्याचंच शिंगरू. पुढचे दोन्ही खूर बाहेर वळलेले.

घोडा कडक, सपाट जमिनीवर सरळ उभा करून बघायचा. मग चालत समोर येताना आणि दूर जाताना. खूर बाहेर वळलेला असला की उचललेला पाय आतून फिरतो आणि वेगात दुसऱ्या पायाला लागतो. शिंगराची छाती भरली की थोडं वळण सुधारतंही, म्हणून लगेच नाक मुरडू नये. पण वेगवेगळ्या आयांच्या चार-पाच शिंगरांत तेच दिसलं, तर संशय बापावरच.



एकाच शिंगरावरून बाप कळत नाही, अर्धा वाटा आईचा असतो. मग बाकीची शिंगरं कुठे होती?