$! कधी वाचायचा आणि $? कधी

सिस्टीम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेली मागणी) फसला की कारणाचा आकडा एरनो या व्हेरिएबलमध्ये पडतो. पर्लमध्ये तोच $! मधून दिसतो. पण कॉल यशस्वी झाला म्हणून एरनो शून्य होत नाही. आधीचा आकडा तसाच पडून राहू शकतो. त्यामुळे 'इफ $!' ही तपासणी चुकीचीच. आधी फाइल उघडणाऱ्या ओपन फंक्शनने काय परत दिलं ते बघा, ते खोटं निघालं तरच $! वाचा, आणि तेही लगेच. मध्ये लॉगमध्ये एक ओळ लिहिली तरी आकडा बदलू शकतो. लॉग लिहायचाच असेल तर आधी $! दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या. तुलना मजकुराशी नको, आकड्याशी करा (फाइल नाही: 2, परवानगी नाही: 13), कारण मजकूर लोकेलप्रमाणे (सिस्टीमच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे) बदलतो.

ओपनला कंस नसेल तर '||' शेवटच्या आर्ग्युमेंटला, म्हणजे फाइलच्या नावाला चिकटतो आणि ओपन फसलं तरी 'डाय' (स्क्रिप्ट थांबवणारं फंक्शन) चालत नाही. तिथे 'ऑर' लिहा. क्लोजही तपासा: लिहिलेलं आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) असतं, डिस्क भरल्याची चूक (लिनक्सवर 28) बऱ्याचदा तिथेच समोर येते. हे फार जण सोडून देतात आणि अर्धवट फाइल पुढे जाते.

दुसरा प्रोग्राम चालवणारं पर्लचं 'सिस्टीम' फंक्शन उलटं आहे: यश म्हणजे 0. त्यापुढे 'ऑर डाय' लावलं तर सगळं नीट झाल्यावरच स्क्रिप्ट मरते. इथे $? बघायचा, त्यात चालवलेला प्रोग्राम कसा संपला ते असतं. तो -1 असेल तर प्रोग्राम सुरूच झाला नाही, कारण $! मध्ये आहे. नाहीतर खालचे 7 बिट प्रोग्राम ज्या सिग्नलने मारला गेला त्याचा क्रमांक देतात, आणि एक्झिट कोडसाठी 8 बिट उजवीकडे सरकवायचे. म्हणजे 256 हा कोड 1. मात्र कमांडमध्ये पाइप किंवा '>' असेल तर ती शेलमार्फत चालते, आणि प्रोग्राम (पाइपमध्ये शेवटचा) सापडला नाही तर -1 नाही, कोड 127 मिळतो.

बॅश या शेलमध्ये पाइपलाइनचा (पाइपने जोडलेल्या कमांडचा) $? शेवटच्या कमांडचा असतो. आधीची कमांड फसलेली कळावी म्हणून 'पाइपफेल' चालू करा. 'लोकल' (फंक्शनपुरतं व्हेरिएबल) आणि $( ) (कमांडचं आउटपुट घेणं) एकाच ओळीत लिहिलंत तर $? 'लोकल'चा येतो, जवळजवळ नेहमी 0. आधी 'लोकल', मग पुढच्या ओळीत किंमत भरा. 137 दिसला तर 128 वजा करा: सिग्नल 9. पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमध्ये थेट चालवलेल्या प्रोग्रामसाठी हाच -9 दिसतो.

सिस्टीम कॉल फसला की पायथन स्वतःच ओएसएरर हा एक्सेप्शन फेकतो, म्हणून काम सोपं. फाइल आहे का हे आधी विचारू नका. तपासणी आणि ओपन यांच्यामध्ये ती उडू शकते. सरळ उघडा आणि फाइलनॉटफाउंडएरर पकडा.