बंदी घालून मोकळं का होत नाहीत?

हुकूमशाही गेल्यावर तिच्या पक्षावर लोकशाही देश सरसकट बंदी का घालत नाहीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी राज्यशास्त्र शिकवायचो हे कळलं की आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत फिरताना कुणीतरी हमखास गाठतं: ‘सर, जर्मनीनं नाझींवर बंदी घातली ना? मग बाकीचे देश का कचरतात?’

आधी बघायचं, हुकूमशाही गेली कशी. जर्मनीत ती युद्धात बेचिराख झाली. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको 1975 साली म्हातारा होऊन मेला आणि पुढे त्याच्याच माणसांनी निवडणुका घेतल्या. तिथे कोण कुणावर बंदी घालणार? उलट कम्युनिस्टांवरची जुनी बंदी उठवायची की नाही, यावर रणं माजली. ती एप्रिल 1977 मध्ये उठली. इटलीच्या घटनेत फॅसिस्ट पक्ष पुन्हा उभारायला मनाई आहे, पण मुसोलिनीचे लोक 1946 मध्येच नव्या नावाने पक्ष काढून पुढे संसदेत जाऊन बसले. पाटी बदलली, दुकान चालू.

जर्मनीत बंदीचा अधिकार सरकारला नाही, फक्त घटना न्यायालयाला आहे. याचं मोल बडोदेकराला वेगळं सांगायला नको; बंदी सरकारच्या हातात असली की काय होतं, ते आपण पाहिलंय. आणीबाणीत सरकारनं संघ आणि जमाते इस्लामी, दोघांवर एका दमात बंदी घातली होती; आणि त्याच सरकारनं आपल्या गावाच्या नावानं गाजलेल्या बडोदा डायनामाइट खटल्यात आरोपी केलेले विरोधी नेते जॉर्ज फर्नांडिस 1977 मध्ये तुरुंगातून निवडून येऊन केंद्रात मंत्री झाले.

जर्मनीच्या त्या घटना न्यायालयानं 1952 मध्ये नवनाझींचा आणि 1956 मध्ये कम्युनिस्टांचा पक्ष बंद केला. त्यानंतर एकही नाही. एनपीडी या कडव्या उजव्या पक्षाविरुद्धचा खटला 2003 मध्ये बारगळला, कारण पक्षाच्या नेतेमंडळींतच सरकारी खबरे निघाले! भाषण पक्षाचं की खबऱ्याचं, ठरवणार कसं? 2017 मध्ये न्यायालय म्हणालं, हेतू घटनाविरोधी आहेत, पण ते तडीस न्यायची यांची ताकद नाही, बंदी नाही. 2024 मध्ये त्यांचं सरकारी अनुदान मात्र सहा वर्षांसाठी तोडलं.

मला हा अनुदानाचा मार्ग बरा वाटतो. पण त्या 2017 च्या निकालाशी मी अडतो. लहान पक्षावर बंदीची गरज नाही, आणि मोठा झाला की त्याच्या लाखो मतदारांचं काय करायचं? 2025 च्या जर्मन निवडणुकीत एएफडी हा कडवा उजवा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि त्याच्यावर बंदी मागावी की नाही यावरून तिथल्या लोकशाहीवाद्यांचीच आपसात जुंपली.