मेलबर्नहून परततानाचे शेवटचे दिवस : माझा अनुभव

परदेशात मित्रांकडे दीर्घ मुक्कामासाठी जाणाऱ्यांना जाण्यापूर्वी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परतीच्या आठवड्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दोघे ऑस्ट्रेलियाला गेलो आणि मे महिन्याच्या मध्यास परतलो. आधी ॲडलेड आणि सिडनी येथील मित्रांकडे राहून शेवटचा, सर्वांत मोठा मुक्काम मेलबर्नच्या पश्चिमेकडील टार्नीट या उपनगरात माझ्या कॉलेजच्या मित्राच्या घरी केला. परतीच्या आठवड्यात एकही पर्यटनस्थळ पाहायचे नाही, असे मी तिकीट काढतानाच ठरवले होते. त्यावर मित्राने मला बरेच चिडवले, कारण त्याच्या मते ग्रेट ओशन रोड आणखी एकदा पाहायला हरकत नव्हती. पण तो आठवडा मोकळा ठेवला म्हणूनच पुढचे सारे निवांतपणे पार पडले.

पहिले काम व्हिसाची तारीख पुन्हा तपासण्याचे होते. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा असतो आणि पासपोर्टवर त्याचा कागद चिकटवलेला नसतो, त्यामुळे किती दिवस राहण्याची मुभा आहे हे पासपोर्ट उघडून कळत नाही. त्यासाठी तेथील गृहखात्याची ‘व्हीवो’ ही ऑनलाइन सोय आहे. पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाच्या पत्रावरील क्रमांक भरला की मुक्कामाची अखेरची तारीख पडद्यावर दिसते. आमचा व्हिजिटर व्हिसा प्रत्येक प्रवेशानंतर तीन महिने राहण्याची परवानगी देणारा होता. तिकीट पुढे ढकलण्याचा मोह शेवटच्या आठवड्यातच होतो, यजमानही ‘अजून चार दिवस राहा ना’ असा आग्रह धरतात, आणि अशा वेळी ती तारीख डोळ्यांसमोर असलेली बरी.

तिकिटाबाबत आम्ही आधीच एक निर्णय घेतला होता, तो येथे नोंदवतो. सिंगापूरमार्गे मुंबईला येणारी विमाने आठवड्याच्या सर्व दिवशी मिळत होती आणि मंगळवारचे भाडे थोडे कमी होते. तरीही आम्ही रविवारी दुपारचे विमान घेतले, कारण मंगळवारी आम्हाला विमानतळावर सोडण्यासाठी मित्राला रजा टाकावी लागली असती. त्याची रजा आमच्या आगमनाच्या वेळी आणि सहलींत आधीच खर्ची पडली होती. पाहुण्यांनी वाचवलेल्या भाड्याची किंमत यजमानाने आपल्या रजेतून मोजावी, हे मला पटत नाही.

खरी खटपट खरेदीवरील कर परत मिळवण्याची होती. ऑस्ट्रेलियात बहुतेक वस्तूंच्या किमतीत दहा टक्के जीएसटी समाविष्ट असतो. देश सोडताना पर्यटकाला तो परत मागता येतो. या योजनेला टूरिस्ट रिफंड स्कीम म्हणतात. अटी साध्या आहेत, पण त्या खरेदीच्या आधी माहीत असाव्या लागतात. एकाच व्यवसाय नोंदणी क्रमांकाच्या दुकानातून किमान 300 डॉलरची खरेदी झालेली असावी, ती प्रस्थानापूर्वीच्या 60 दिवसांतली असावी, आणि ‘टॅक्स इनव्हॉइस’ असे लिहिलेली पावती हाती असावी. पावती 1,000 डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची असेल, तर तिच्यावर खरेदीदाराचे नाव लागते. दीर्घ मुक्कामात यांतील 60 दिवसांची अट विशेष जाचक ठरते, कारण आल्या आल्या घेतलेली वस्तू परतीच्या दिवसापर्यंत मुदतीबाहेर गेलेली असते. आम्हाला आमच्या मुलासाठी कॅमेरा घ्यायचा होता आणि मार्चच्या आरंभीच तो घेण्याची घाई मला झाली होती. ‘‘आत्ता घेऊ नकोस, एप्रिलमध्ये घे. वापरायलाही मिळेल आणि जीएसटीही सुटेल,’’ असे मित्राने बजावले. विकत घेतलेली वस्तू देश सोडण्यापूर्वी वापरली तरी या योजनेत चालते, त्यामुळे शेवटचे काही आठवडे तो कॅमेरा आमच्याही कामी आला. त्याची किंमत 770 डॉलर होती. परत मिळणारा जीएसटी एकूण किमतीला 11 ने भागून काढतात, म्हणून आम्हाला 70 डॉलर मिळणार होते.

याच अटींमध्ये सामान भरण्याचा क्रमही दडलेला आहे. दावा केलेली वस्तू सुरक्षा तपासणी आणि पासपोर्ट तपासणी ओलांडल्यानंतरच्या काउंटरवर दाखवावी लागते, म्हणजेच ती हातातल्या बॅगेत हवी. एखादी वस्तू फार मोठी असेल किंवा द्रव असल्यामुळे केबिनमध्ये नेता येत नसेल, तर चेक-इन करण्यापूर्वीच बॉर्डर फोर्सच्या, म्हणजे तेथील सीमा व कस्टम्स यंत्रणेच्या, कर्मचाऱ्यांना दाखवून पावतीवर त्यांची नोंद करून घ्यावी लागते. आम्ही शनिवारी रात्री मोबाइलवरील अधिकृत ॲपमध्ये पावतीचा तपशील आणि क्रेडिट कार्डाचा क्रमांक भरून क्यूआर कोड तयार करून ठेवला. रक्कम रोख मिळत नाही. ती कार्डावर, ऑस्ट्रेलियन बँक खात्यात किंवा चेकने येते.

त्यानंतर आला वजनाचा प्रश्न, आणि त्यात स्वतःच्या खरेदीपेक्षा मित्रांनी दिलेल्या वस्तूंचाच वाटा अधिक होता. सिडनीच्या मित्राने पुण्यातल्या आपल्या आईसाठी मऊ लोकरीचे पांघरूण दिले होते, ॲडलेडहून दोन बाटल्या वाइन आली होती, आणि टार्नीटच्या वहिनींनी तर नातेवाइकांची यादी करून प्रत्येकाच्या नावाची पिशवी बांधली होती. या पिशव्या नाकारणे शक्य नसते. तेव्हा आम्ही उलट दिशेने विचार केला आणि आमचे कोणते सामान मागे ठेवता येईल ते पाहिले. ॲडलेडला घेतलेली जाड जाकिटे धुऊन, घडी घालून ऑप शॉपमध्ये, म्हणजे धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, देऊन टाकली. वाचलेली पुस्तके मित्राच्या कपाटात गेली. बॅग तोलण्यासाठी मित्राकडे हुकाचा काटा होता, पण भरलेली बॅग एका हाताने उचलून आकडा स्थिर होईपर्यंत धरणे आमच्या वयाला झेपणारे नव्हते. अखेर वहिनींनी स्वयंपाकघरातून लाटणे आणले, ते काट्याच्या कडीतून घातले आणि दोन टोके आम्ही दोघांनी धरली. मग बॅग अधांतरी झाली की वहिनी खाली वाकून आकडा वाचत. एका बॅगेचे वजन, तिकिटावर कितीही सवलत असली तरी, 32 किलोच्या वर जाऊ देऊ नये, हा बहुतेक विमान कंपन्यांचा नियम ध्यानात ठेवावा. मधाची बरणी, जॅम आणि वाइन चेक-इन बॅगेत गेली, कारण हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरपेक्षा मोठे द्रव किंवा जेलचे पात्र चालत नाही आणि सिंगापूरला विमान बदलताना पुन्हा तपासणी असते. पॉवर बँक मात्र याच्या नेमकी उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी.

शनिवारी दुपारी वहिनींनी पत्नीची ओटी भरली. तांदूळ आणि नारळ सोबत न्यावेत असा प्रघात असला, तरी दोन विमानतळांवर त्या नारळाविषयी खुलासे करत बसण्याची आमची तयारी नव्हती. पत्नीने तो तेथेच फोडला, दोघींनी मिळून वड्या थापल्या, आणि सायंकाळी निरोपाला आलेल्या मित्रमंडळींत त्या संपूनही गेल्या. तांदळाचा त्याच रात्री भात झाला. शास्त्राच्या दृष्टीने हे कितपत योग्य आहे याची चर्चा आम्ही केली नाही.

किरकोळ कामे एकेक करून हातावेगळी केली. मायकी या वाहतूक कार्डावर थोडी रक्कम शिल्लक होती. कार्डाचे 6 डॉलर परत मिळत नाहीत, आणि शिल्लक मागण्यासाठी अर्ज करण्यापेक्षा ते पुढच्या पाहुण्यासाठी मित्राकडे ठेवणे सोयीचे वाटले. टार्नीट स्थानकावरून शहरातल्या सदर्न क्रॉस स्थानकाला जाणाऱ्या व्ही-लाइन या प्रादेशिक रेल्वेच्या गाडीतही तेच कार्ड चालते. औषधांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो. दरवर्षी येणारा प्रत्येक भारतीय पाहुणा काही गोळ्यांच्या पट्ट्या यजमानाच्या खणात सोडून जातो, आणि मित्राचा तो खण मुदत संपलेल्या गोळ्यांनी भरून वाहत होता. ऑस्ट्रेलियात अशी औषधे कोणत्याही औषधाच्या दुकानात विनामूल्य परत घेतात व तेथून ती सुरक्षितपणे नष्ट करण्यासाठी पाठवली जातात. आम्ही एक पिशवी भरून कोपऱ्यावरच्या दुकानात दिली. काउंटरवरील बाईंनी काहीही न विचारता ती आत ठेवून घेतली. आमच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही सोबत आणल्या.

यजमानांच्या खर्चाचा विषय सर्वांत नाजूक असतो. मित्राला पैसे देऊ केले असते तर त्याने घेतले नसतेच, शिवाय थोडा अपमानही मानला असता. म्हणून शेवटच्या आठवड्यातला वाणसामान, भाजी आणि पेट्रोलचा खर्च आम्ही आधीच आपल्याकडे घेतला होता, आणि जाण्यापूर्वी फ्रिज रिकामा करण्याऐवजी पुढच्या तीन-चार दिवसांचे पुरेल इतके त्यात भरून ठेवले. चादरी आणि टॉवेल धुऊन वाळवले. मे महिन्यातल्या मेलबर्नमध्ये कपडे बाहेर वाळायला दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा हे काम शुक्रवारीच करावे लागले. रविवारी सकाळी खोलीतला कचरा लाल झाकणाच्या डब्यात आणि पुठ्ठ्याची खोकी पिवळ्या झाकणाच्या डब्यात टाकली. सोमवारी कामावरून दमून आलेल्या वहिनींना आमच्या खोलीचे काहीही करावे लागू नये, एवढाच त्यामागे हेतू होता.

टार्नीटहून विमानतळ एम-80 या रिंग रोडने आणि पुढे टलामरीन फ्रीवेने गाठता येतो, आणि या मार्गावर टोल नाही. आम्ही तीन तास आधी पोहोचलो. पूर्वी देश सोडताना भरावे लागणारे कार्ड 2017 पासून बंद झाले असल्यामुळे पासपोर्टची तपासणी चटकन झाली. कर परताव्याच्या काउंटरवर ॲपमध्ये माहिती भरून आलेल्यांची रांग वेगळी होती आणि ती झपाट्याने पुढे सरकत होती. दुसऱ्या रांगेत मात्र लोक पावत्या शोधण्यासाठी बॅगा जमिनीवर उघडून बसले होते. अधिकाऱ्याने कोड वाचला, कॅमेरा बाहेर काढायला सांगितला, पावतीवरील मॉडेल आणि कॅमेऱ्यावरील अक्षरे जुळवून पाहिली आणि जाऊ दिले. विमान सुटण्याच्या नियोजित वेळेच्या 30 मिनिटे आधीपर्यंतच दावा करता येतो, त्यामुळे दुकाने पाहत फिरण्यापूर्वी हे काम उरकावे.

मुंबईत कस्टम्सकडे काही जाहीर करण्याजोगे नव्हते. वाइन प्रतिप्रवासी दोन लिटरच्या मर्यादेत होती. इतर वस्तूंची करमुक्त सवलत प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते आणि पती-पत्नींना ती एकत्र करून एकाच महाग वस्तूसाठी वापरता येत नाही, हे जाणूनच आम्ही कॅमेऱ्याची निवड केली होती. उरलेले परकीय चलन दोन हजार अमेरिकी डॉलरच्या मूल्यापेक्षा जास्त असेल तर परतल्यापासून 180 दिवसांत बँकेकडे जमा करावे लागते. आमच्याजवळ थोड्या नोटा आणि बारा कोनांची पन्नास सेंटची काही नाणी होती, ती ठेवून घेतली. कॅमेऱ्याचा परतावा काही आठवड्यांनी कार्डाच्या विवरणपत्रात रुपयांत जमा झालेला दिसला.