प्रवाहपेटी: काठ धरला, मग नदी वळली

वाळूत छोटी नदी वाहवून ती कशी वळते ते बघायच्या माझ्या प्रवाहपेटीचा ढाचा आता पक्का झालाय. प्लायवूडचा लांबट ट्रे, आत प्लास्टिकचं अस्तर, वरच्या टोकाला माशांच्या टाकीचा छोटा पंप, खालच्या टोकाला वरखाली करता येणारी नळी. उतार ठोकळ्यांवर. गळती थांबल्यामुळे सगळा वेळ नदीलाच देता येतोय.

नुसत्या वाळूत नागमोडी पात्र टिकत नाही, हे पेटीवाल्यांना नव्याने सांगायला नको. वरच्या टोकाला पाणी तिरकं सोडलं की पुढे ओळीने वळणं उमटतात, पण थोड्याच वेळात पाणी वळणाच्या आतल्या बाजूला साचलेल्या वाळूच्या पट्ट्यावरून आडवाट काढतं, पात्र पसरट होतं आणि प्रवाहाला फाटे फुटतात. उतार कमी करा, पाणी कमी करा, शेवट तोच. बाहेरचा काठ भराभर ढासळतो आणि तेवढ्या वेगाने आतला काठ भरून येत नाही. केवढा कण किती वेगाच्या पाण्यात हलतो ते दाखवणारा ह्युलस्ट्रोमचा १९३५चा आलेख आठवा: सर्वांत कमी वेगात हलते ती साधारण पाव ते अर्ध्या मिलिमीटरची वाळू, आणि आपण पेटीत नेमकी तीच भरतो! चिकणमातीचे कण त्याहून कितीतरी बारीक, पण एकमेकांना धरून असल्यामुळे त्यांना उचकटायला जास्त वेग लागतो.

२००९ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या प्रवाहपात्रात लसूणघासाचे कोंब उगवून काठ बांधले आणि जोडीला पाण्यातून बारीक, हलका गाळ सोडला. वळणं टिकली आणि सरकतही राहिली. मी तीच युक्ती मोहरीवर उतरवली. पंप बंद, ओल्या वाळूवर मोहरी विखरून कोंब चांगले रुजू दिले, मग पाणी सुरू केलं आणि त्यात अधूनमधून चिकणमाती कालवली. पात्र एकच राहिलं.

खरी मजा बाहेरच्या काठाशी आहे. पाणी आधी पायथ्याची वाळू पोखरतं. वरचा थर मुळांच्या जाळ्यावर ओठासारखा लोंबत राहतो, काठाला समांतर बारीक भेग पडते आणि अख्खा लचका कोंबांसकट खाली बसतो. पण तो लगेच वाहून जात नाही. पडल्या जागीच काठाच्या पायाशी आडवा राहतो, आणि तो विरघळेपर्यंत तिथली झीज जवळजवळ थांबते. म्हणजे काठ सलग झिजत नाही, हप्त्याहप्त्याने झिजतो. भिंग लावून हे बघत बसायला मला कंटाळा येत नाही, घरच्यांना येतो.

वळणात तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा ठेवला आणि वर कागदाचे कपटे सोडले. कपटे बाहेरच्या काठाकडे गेले, जांभळी रेघ मात्र आतल्या बाजूला कलली. चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मध्यभागी का जमते, यावरून आइनस्टाइनने १९२६ साली हेच समजावलं होतं: तळाशी घर्षणाने वेग मंदावतो, म्हणून तिथलं पाणी आत वळतं.

यावरून वाटेल की ढासळलेली वाळू समोरच्या पट्ट्यावर जाऊन बसत असेल. बाहेरच्या काठात रंगीत वाळू पुरून पाहिली. बहुतेक दाणे पलीकडे गेलेच नाहीत. ते त्याच बाजूच्या, पुढच्या वळणाच्या पट्ट्यावर सापडले. पलीकडे पोचायच्या आत पुढचं वळण उलट दिशेने सुरू होतं आणि वाळू आपल्याच काठाला राहते. फ्रीडकिन यांच्या अमेरिकेतल्या व्हिक्सबर्गमधल्या नदीच्या प्रयोगांत (१९४५) असंच आढळलं होतं, त्यामुळे पेटी अगदीच खोटं बोलत नाही.

शेवटी खालची नळी थोडी उतरवली. मुखाशी पायरी पडली आणि ती मागे मागे, उगमाकडे सरकू लागली. निव्वळ वाळूत ती लगेच चपटी होते. वर चिकणमातीचा थर दिला तर उभीच राहते: खालची वाळू पोखरली जाते, वरचा थर तुटतो, धबधबा मागे हटतो. नायगाराने सुमारे १२ हजार वर्षांत साधारण ११ किलोमीटरची घळई अशीच मागे सोडली. पायरी उगमाकडे सरकल्यावर जुनं पूरमैदान दोन्ही बाजूंना उंचावर सुटं पडलं, त्यावरची मोहरी अजून हिरवी आहे.

आता पंपाला टायमर लावतोय. एकसारख्या धारेऐवजी पूर आणि ओहोटी आलटून पालटून द्यायची आहे. आडवाट पुरातच फुटते आणि नालाकृती सरोवर (पात्रापासून तुटून सुटं पडलेलं वळण) तिथूनच मिळायची शक्यता आहे. मोहरीपेक्षा आखूड मुळांचं काही कोणी वापरलं असेल तर कळवा, माझे काठ जरा जास्तच घट्ट झालेत.