सो रहा है, सिस्टर

रात्रपाळीवरून आले की मी आधी पोहे खाते, मग झोपते. आज पोहे झाले, वरून भुरभुरायचा जिरावण मसाला जरा जास्तच पडला, आणि झोप काही येईना. म्हणून लिहायला बसले.

काल रात्री आमच्या इंदूरच्या हॉस्पिटलात, मुलांच्या इमर्जन्सीत, नव्या आलेल्या नर्स मुलीने सात महिन्यांच्या बाळाचा श्वास पंधरा सेकंद मोजला, चारने गुणलं आणि कागदावर ४८ लिहिलं. मी म्हटलं, परत मोज, पूर्ण मिनिटभर. तिने तोंड वाकडं केलं. "ताई, बाहेर अकरा जण उभे आहेत." उभे होतेच. तरी मोजला तिने, ओठ हलवत. ५६ भरले.

दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल तर तो जलद. एक ते पाच वर्षांच्या मुलाला ही रेघ ४० वर, दोन महिन्यांच्या आतल्याला ६० वर. तिचे ४८ रेघेच्या अलीकडचे होते, ५६ पलीकडचे. पंधरा सेकंदांत एक श्वास निसटला की मिनिटाचे चार निसटतात. तान्ही बाळं तर भराभर श्वास घेतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू करतात. नेमक्या त्या थांब्यात आपले पंधरा सेकंद गेले तर हिशोब बसलाच खड्ड्यात. दोन महिन्यांच्या आतल्याचे ६० भरले तर मी आणखी एकदा मोजते.

हे मी ऐटीत सांगतेय, पण मला अक्कल आली ती एका मोठ्या चुकीतून.

२००९ चा पावसाळा. नोकरीचं दुसरं वर्ष, आणि ते हॉस्पिटल आताचं नव्हे. दारातून दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आला, कपाळ फुटलेलं, शर्ट लाल, बरोबर पाच नातेवाईक आणि पाचही जण ओरडत होते. त्यांच्या मागे धारकडून आलेली एक बाई, कडेवर शालीत गुंडाळलेलं मूल. मी विचारलं, काय होतंय? तीन दिवस जुलाब. आणि आत्ता? "सो रहा है, सिस्टर." मला हायसं वाटलं. बाकावर बसवलं तिला आणि कपाळाकडे वळले.

आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या, बोलायला कमी. चहा घेऊन परत येत होत्या. बाकापाशी थबकल्या, शाल बाजूला केली, आणि कप तिथेच जमिनीवर ठेवून मूल उचलून पळाल्या. कप ठेवलेला मला अजून दिसतो. एवढ्या घाईतही सांडला नव्हता.

ते झोपलेलं नव्हतंच. टाळू खोल गेलेली, डोळे अर्धवट उघडे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. हाक मारली तर काही नाही, छातीवर चोळलं तेव्हा कुठे कण्हलं. वजन सहा किलो दोनशे. शीर सापडेना. डॉक्टरांनी गुडघ्याच्या खाली, आतल्या बाजूला, नडगीच्या हाडात सुई घातली. हे मी तोवर फक्त पुस्तकात वाचलेलं. किलोला २० एमएल म्हणजे १२४ एमएल सलाईन, ५० च्या सिरिंजमध्ये ओढून हाताने ढकलायचं. माझे हात थरथरत होते. सिस्टरांनी टाचेतून थेंब काढून साखर बघितली : ३८, फारच कमी. लगेच १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, ३१ एमएल. थोड्या वेळाने ते रडलं. बारीक, मांजरासारखं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "अब ठीक है, अब रो रहा है."

कपाळवाल्या मुलाला चार टाके पडले. तो तासाभराने बिस्किटं खात होता.

मूल वाचलं. चौथ्या दिवशी वॉर्डात त्या बाईने सिस्टरांचे पाय धरले. मला विचारलं, पाण्याची बाटली कुठे भरायची. मी दाखवलं.

तेव्हापासून मी दारातच थांबून बघते, हात लावायच्या आधी. मूल आईकडे बघतंय का, हातपाय हलवतंय का, की फडक्यासारखं लोंबतंय? नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, श्वास सोडताना कण्हतंय का? आणि रंग : फिकट, निळसर की जाळीदार डागांचा? याला अर्धं मिनिटही लागत नाही. जे बोंब मारतंय त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, मेंदूला रक्त पोचतंय. त्याच्याकडे मी चालत जाते. गप्प असलेल्याकडे पळते. दम्याच्या मुलाची सुंई-सुंई अचानक थांबली तर घरचे खूश होतात. आमच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण आवाज काढण्याइतकीही हवा आत जात नसते.

बीपीवर मोठ्या माणसांच्या वॉर्डातून आलेल्या सिस्टरांचा फार भरवसा. मुलांच्या रक्तवाहिन्या शेवटपर्यंत आवळलेल्या राहतात, बीपी छान दिसतं आणि मग एकदम कोसळतं. त्यापेक्षा छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडा आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते बघा. तीन सेकंदांच्या वर गेला तर डॉक्टरांना हाक मारा, फॉर्म नंतर भरा. बोटाच्या टोकावर बघू नका, एसीने बोटं गार पडतात आणि आकडा खोटा येतो.

सलाईनच्या बाबतीत आमची पिढी शिकली ते थोडं बदललंय. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक मुलांचा एक अभ्यास आला. तापाने गंभीर झालेली, रक्ताभिसरण बिघडलेली मुलं. ज्यांना भराभर सलाईन दिलं त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. जुलाबाने सुकलेली मुलं त्यात घेतलेली नव्हती, तेव्हा माझ्या धारच्या बाळाचा हिशोब वेगळा. पण तेव्हापासून प्रत्येक सिरिंजनंतर थांबायचं, श्वास पुन्हा मोजायचा, पाणी जास्त होऊन यकृत खाली उतरलंय का ते चाचपायचं, हे अंगात भिनलं.

आईला मात्र बाहेर काढत नाही मी. काही डॉक्टरांना आवडत नाही ते. मी तिला उशाशी उभी करते आणि बोलत राहा म्हणते. बाळाचं रोजचं रडणं कसं, त्याला किती हाकांनी जाग येते, हे तिलाच माहीत. "ये ऐसा नहीं रहता" असं आई म्हणाली तर मी ते जसंच्या तसं कागदावर लिहिते.

कालच्या बाळाला ऑक्सिजन लावला, सकाळपर्यंत आकडा ४४ वर आला. नवी मुलगी दर अर्ध्या तासाने मोजत होती, मोबाईल पलंगावर टेकवून. मनगटावर घड्याळ चालत नाही आमच्याकडे, हात कोपरापर्यंत मोकळे लागतात. आणि तो मोबाईल सारखा वाजत होता, घरून आईचे फोन. रविवारी राजवाड्याकडे जाणं झालं तर तिच्यासाठी छातीवर पिनेने लावायचं घड्याळ बघेन. लाल सेकंदकाट्याचं मिळालं तर बरं.